राजीनामा : यात राजी कोण?

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना काही शब्द वर्गात हमखास गोंधळ घालतात. ‘राजीनामा’ हा त्यातलाच एक. मराठीत नोकरी किंवा पद सोडण्याच्या पत्राला आपण राजीनामा म्हणतो. उर्दूत त्या पत्राला इस्तीफा म्हणतात. उर्दूतला राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. वादी आणि प्रतिवादी समेटाला तयार झाले की कोर्टात दाखल होतो तो. इस्तीफा हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला, त्यातूनच ‘माफी’ही आला. म्हणजे इस्तीफा हे ‘मला मोकळं करा’ असं मागणं आहे, तर राजीनामा म्हणजे ‘मी राजी आहे’ असं लेखी सांगणं. मराठीने फारसीतून हा शब्द घेतला आणि नोकरी सोडण्याच्या कागदावर माणसाच्या मर्जीचा शिक्का मारला.

हिंजवडीच्या आयटी पार्कमधून गेल्या काही वर्षांत ज्या राजीनाम्यांच्या बातम्या येत आहेत, त्या वाचताना हा शिक्का खटकतो.

जुलै २०१७ मध्ये एका फोन संभाषणाची ध्वनिफीत देशभर फिरली. टेक महिंद्रा कंपनीतील मनुष्यबळ विभागाची अधिकारी एका कर्मचाऱ्याला सांगत होती, की उद्या सकाळी दहापर्यंत राजीनामा दे. गाजावाजा झाल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी आणि खुद्द आनंद महिंद्रा यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली गेली हे चांगलंच झालं. पण त्या माफीमुळे कायद्यात एका ओळीचाही फरक पडला नाही. पुढे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातील आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. पुण्यातील ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे आणि नंतर राज्याच्या मुख्यमंत्र्यांकडे तक्रार केली. पुण्यातल्या सुमारे अडीच हजार लोकांकडून दबावाखाली राजीनामे घेतले जात आहेत, असं संघटनेचं म्हणणं होतं. कंपनीने ते साफ नाकारलं आणि हा आकडा चुकीचा, दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं.

कोण खरं, कोण खोटं, हे इथे बसून ठरवता येणार नाही. पण एक प्रश्न विचारता येतो. सही तर त्याचीच आहे. मग ती त्याच्या मर्जीने झाली की नाही, हे कसं ओळखायचं? हा प्रश्न आयटीवाल्यांनी आणलेला नाही. याच पुणे जिल्ह्यात तो दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचं उत्तरही दिलं गेलं.

सुप्याचे कर्जरोखे

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं आणि घरं गाठली. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांनी जाळल्या. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दंग्यांच्या मानाने रक्त फार सांडलं नाही, कारण राग मुख्यतः कागदावर होता.

तो का होता? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली. व्याज साचू नये हा हेतू. सावकाराने त्यातून वेगळीच वाट काढली. दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल आणि व्याज एकत्र करून तो नवा रोखा लिहून घेई. कागदात काय लिहिलंय हे अंगठा उठवणाऱ्याला ठाऊक नसे, आणि ठाऊक असलं तरी नाही म्हणण्याची सोय नसे. पेरणीला बी त्याच सावकाराकडून आणायचं असे. कोर्टात मात्र एकच गोष्ट पाहिली जाई : अंगठा याचाच आहे ना? मग हुकूमनामा.

जमिनीच्या कागदांतही आपला शब्द होताच. मुंबई इलाख्यात खातेदार जमीन सोडताना जो कागद देई त्याला ‘राजीनामा’ म्हणत आणि ती घेणारा जो देई त्याला ‘कबुलायत’. एकाची मर्जी, दुसऱ्याची कबुली. कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन सावकाराच्या नावावर जाई ती याच दोन सभ्य कागदांनी.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्यातल्या दोन तरतुदी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी, की न्यायाधीशाने कागदावर थांबायचं नाही. व्यवहार पहिल्यापासून कसा घडला, किती रक्कम खरोखर हातात पडली, याची मुळापासून चौकशी करायची. दुसरी अशी, की शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्तऐवज सावकाराच्या ओटीवर लिहायचा नाही. गावासाठी नेमलेल्या निबंधकाच्या देखरेखीखाली तो लिहायचा आणि त्याच्या समोरच सही करायची.

इंग्रज सरकार काही शेतकऱ्यांचं कैवारी नव्हतं. दंगे पुन्हा होऊ नयेत ही त्याची चिंता होती. तरीही त्या कायद्याने एक गोष्ट मान्य केली. दुबळ्या माणसाची सही म्हणजे त्याची मर्जी नव्हे. मर्जी होती की नाही, हे तिसऱ्या कुणीतरी पाहायला हवं.

आपल्याकडे निकाहात हेच तर होतं. वकील आणि साक्षीदार मुलीकडे जातात, तिची रजामंदी विचारतात, मग काझी पुढे सरकतो. बापाने ‘ती राजी आहे’ असं सांगून भागत नाही.

गिरणीतला माणूस

शेतकऱ्यासाठी हा कायदा झाला त्या काळात मुंबईच्या गिरणीतल्या माणसाची स्थिती काय होती? १८५९ चा आणखी एक कायदा होता, करारभंगाचा. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला त्याखाली मॅजिस्ट्रेट कामावर परत धाडू शकत असे, आणि त्याने ऐकलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद होती. मजुराने काम सोडलं तर तुरुंग. मालकाने मजुराला सोडलं तर काहीच नाही. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं. गिरणीत माणूस घेणं आणि काढणं दोन्ही जॉबरच्या हातात असे. त्याची मर्जी गेली की खात्यातलं नाव गेलं.

इथून पुढे पायऱ्या हळूहळू चढल्या गेल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९२६ साली कामगार संघटनांचा कायदा झाला. १९३४ साली मुंबई सरकारने गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी लेबर ऑफिसर नेमला. १९३८ साली मुंबई औद्योगिक विवाद विधेयकाने संपावर बंधनं घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला.

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा ही सर्वांत मोठी पायरी. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, ही तरतूद १९५३ च्या दुरुस्तीने त्यात आली. शेवटी आलेला आधी जाईल, आणि पुन्हा भरती करताना कमी केलेल्यांना आधी विचारलं जाईल, हेही ठरलं.

पण एक मोठी फट राहिली होती. एकट्या माणसाला काढलं, तर तो ‘औद्योगिक विवाद’ होत नसे. युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली तरच तो विवाद ठरे. ज्याच्या मागे युनियन नाही त्याला दाराबाहेर उभं राहावं लागे. १९६५ साली कायद्यात नवं कलम घालून ही फट बुजवली : एकट्या कामगाराची बडतर्फीही औद्योगिक विवाद मानली जाईल. १९७१ साली कामगार न्यायालयाला अधिकार मिळाला, की बडतर्फीची शिक्षा गैरवाजवी वाटली तर ती रद्द करून माणसाला कामावर परत घ्यायला सांगावं. त्याच साली महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. आकसाने किंवा खोट्या सबबीवर काढणं ही त्याने अनुचित प्रथा ठरवली. कामगाराला सरकारच्या शिफारशीची वाट न पाहता ९० दिवसांच्या आत थेट कोर्टात जाता आलं, अंतरिम आदेश मागता आला. इतर बहुतेक राज्यांतल्या कामगाराकडे हे हत्यार नव्हतं.

गिरण्या आज नाहीत. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा आत जाता आलं नाही. गिरणगावात टॉवर उभे राहिले. पण तिथल्या माणसांनी मिळवलेला कायदा शिल्लक राहिला, आणि तो सर्वांसाठी आहे. ‘सर्वांसाठी’ म्हणताना मात्र एका शब्दाशी अडखळायला होतं.

इंजिनिअर कामगार आहे का?

तो शब्द म्हणजे ‘कामगार’. मराठीतलं ‘काम’ आणि फारसीतला ‘गार’ हा प्रत्यय, जो मददगार आणि गुन्हेगारमध्येही आहे. गंमत म्हणजे खुद्द फारसीत कामगार म्हणजे ज्याची मुराद पुरी झाली असा, नशीबवान माणूस. हिंजवडीतल्या पोरांना हा फारसी अर्थ जास्त पटेल. मालेगावच्या यंत्रमागावर बाप उभा राहिला, सोलापूरला आईने विड्या वळल्या आणि मुलगा गळ्यात ओळखपत्र घालून कंपनीच्या बसमध्ये बसला; तो स्वतःला कामगार का म्हणेल? त्याच्या पत्रावर ‘कन्सल्टंट’ किंवा ‘असोसिएट’ लिहिलेलं असतं.

कायद्याने मात्र व्याख्या करून ठेवली आहे. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी किंवा देखरेखीचं काम करणारा तो कामगार. मुख्यतः व्यवस्थापनाचं काम करणारा, तसंच ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणारा देखरेखनीस यातून बाहेर. या व्याख्येच्या उंबऱ्यावर अनेक शिकलेली माणसं अडली. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या चहामळ्यातील डॉक्टरला कामगार मानलं नाही. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात शिक्षकही कामगार नाहीत असं ठरलं. १९९४ साली औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या वाट्याला तेच आलं.

पण दुसरी बाजूही आहे. १९८५ साली मुंबईच्या सिबा गायगी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हुद्द्याचं नाव पाहू नका, माणूस दिवसभर मुख्यतः काय काम करतो ते पाहा. ‘तांत्रिक’ हा शब्द तर व्याख्येतच आहे. चेन्नईत टीसीएसमधून २०१५ साली काढलेल्या एका इंजिनिअरच्या बाबतीत कंपनी म्हणत होती, की तो व्यवस्थापक वर्गातला आहे. कामगार न्यायालयाने २०२२ मध्ये तो कामगार असल्याचं मान्य करून त्याला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. यात सात वर्षं गेली, हेही लक्षात ठेवायला हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७ चा कायदा मागे पडला. नव्या संहितेतही ‘तांत्रिक’ शब्द कायम आहे, नोटीस आणि पंधरा दिवसांच्या भरपाईचा हिशेबही आहे. देखरेखनिसाची पगारमर्यादा दहा हजारांवरून अठरा हजार झाली. मात्र कपातीसाठी सरकारची आधी परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होते, आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागायला तीनऐवजी दोनच वर्षं मिळतात.

आता यात राजीनामा कुठे बसतो? कुठेच बसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. नोटीस, भरपाई, चौकशी, ‘शेवटी आला तो आधी’ हे सगळं काढलेल्या माणसासाठी आहे. स्वखुशीने गेलेल्यासाठी नाही. गेल्या शंभर वर्षांत बांधलेला हा जिना एका पानाच्या ईमेलने बाजूला सारता येतो. मालकाने काढलं तर त्याला कारण द्यावं लागतं. माणूस स्वतः गेला तर कारण ‘वैयक्तिक’ असतं.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी भेटायला आला होता. त्याला एका खोलीत बोलावून दोन पर्याय दिले गेले : राजीनामा दिलास तर अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल, नाही दिलास तर आम्ही काढू आणि तसं नोंदवू, मग पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा बघ. घराचा हप्ता, आईचं औषध, धाकट्या बहिणीची फी. तासाभरात त्याने सही केली. ‘सर, मारहाण तर कुणी केली नाही,’ असं तो म्हणाला. सुप्याच्या शेतकऱ्यालाही सावकार मारत नसे. फक्त पुढच्या पेरणीचं बी त्याच्याकडे असे.

शिक्षकांचा राजीनामा

आम्ही शिक्षक कामगार नाही, हे वर आलंच आहे. पण महाराष्ट्रात आमच्यासाठी १९७७ साली वेगळा कायदा झाला, खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा. काढून टाकलेला शिक्षक तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो, हे बहुतेक शिक्षकांना माहीत असतं. त्यातलं सातवं कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. ते राजीनाम्याविषयी आहे. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची.

वरवर ही कारकुनी वाटते. पण खासगी शाळांतल्या जुन्या शिक्षकांना विचारा. नेमणुकीच्या दिवशीच तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेऊन तो चेअरमनच्या कपाटात ठेवण्याची चाल त्यांना ऐकून ठाऊक असते. हे कलम त्या कपाटाला लावलेलं कुलूप आहे. टपाल कचेरीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेलेला माणूस बहुधा खरोखर राजी असतो. वाटेत त्याला विचार करायला वेळ मिळतो, घरी विचारता येतं, कुणा जाणत्याला फोन करता येतो. खोलीत समोर दोन अधिकारी बसलेले असताना यातलं काहीच शक्य नसतं.

१८७९ मध्ये गावचा निबंधक, १९७७ मध्ये टपाल कचेरी. दोन्ही वेळी कायद्याने एकच काम केलं : बलवान आणि दुबळा यांच्यामध्ये, सही होण्याआधी, एक तिसरं ठिकाण उभं केलं. हिंजवडीतल्या माणसाला असं ठिकाण नाही. त्याचा राजीनामा कंपनीच्याच संगणकावर, कंपनीच्याच पोर्टलमध्ये, कंपनीने ठरवलेल्या वेळेत भरला जातो.

तोवर काय?

दबावाखाली दिलेली संमती रद्द ठरवता येते, हे १८७२ चा करार कायदा सांगतो. १९८६ साली कलकत्त्याच्या एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की मालक आणि नोकर यांची ताकद जिथे समान नसते तिथे नोकराने कागदावर ‘मान्य’ लिहिलं म्हणून प्रत्येक अट न्याय्य ठरत नाही. म्हणजे तत्त्व आहे. सिद्ध करण्याचं ओझं मात्र सही करणाऱ्यावर पडतं.

म्हणून पुराव्याचा काळ सहीच्या आधीचा आणि लगेच नंतरचा असतो. राजीनामा मागितला तर तो लेखी मागा असं सांगावं. ‘विचार करून कळवतो’ हे ईमेलने लिहावं. कुणी बोलावलं, कधी, काय म्हणालं, हे त्याच दिवशी तारीख-वेळेसह टिपून ठेवावं. सही झालीच असेल तर दोन-चार दिवसांत ‘हा राजीनामा मी दबावाखाली दिला, तो मागे घेतो’ असं पत्र कंपनीला आणि त्याची प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला पाठवावी. सहा महिन्यांनी आठवलेला दबाव कोर्टाला पटवणं अवघड जातं.

कामगार आयुक्तांकडे अर्ज केला की समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. या टप्प्यावर वकील उभा राहू शकत नाही, पण संघटनेचा प्रतिनिधी राहू शकतो. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना झाल्या आहेत, त्या यासाठीच उपयोगी पडतात. पंचेचाळीस दिवसांत काही निष्पन्न झालं नाही तर स्वतःच न्यायाधिकरणात जाता येतं. आणि वकिलाच्या फीची धास्ती असेल तर १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा पाहावा. मोफत कायदेशीर मदत कुणाला, या यादीत औद्योगिक कामगार आहे आणि स्त्रियाही आहेत. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्या हजारो मुलींपैकी कितीजणींना हे माहीत असेल?

उर्दूत मुशायऱ्यात शेर आवडला की ‘दाद’ देतात. मराठीत अन्याय झाला की ‘दाद’ मागतात. फारसीत दाद म्हणजे इन्साफ. मराठीने या शब्दाचा मूळ अर्थ जपला आहे. पण दाद मागायची तर आधी आपण मागणाऱ्यांपैकी आहोत हे मान्य करावं लागतं. गळ्यातलं ओळखपत्र कितीही चकचकीत असलं, तरी ज्या दिवशी ते परत मागतात त्या दिवशी उपयोगी पडणारा कायदा गिरणीतल्या माणसांनी मिळवलेला असतो. त्यांच्याशी नातं सांगायला लाज वाटू नये.

सरकारकडे मागणी करायची तर ती फार मोठी नाही. नोकरीचा राजीनामा कंपनीच्या दाराबाहेर, दोन प्रतींत, तारखेसह दिला जावा. तो मागे घ्यायला काही दिवसांची मुभा असावी. आणि एका वेळी बरेच राजीनामे आले तर कामगार अधिकाऱ्याने त्या माणसांना एकेकटं बोलावून विचारावं, की बाबा, तू खरंच राजी आहेस ना? सुप्याचे रोखे जळाल्यानंतर चार वर्षांत शेतकऱ्याला असा कायदा मिळाला. २०१७ ची ती ध्वनिफीत ऐकून आठ वर्षं उलटली आहेत.